पाषाणांतील पाने : एक बिनखर्चाचा छंद

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी पुष्कळांस काही ना काही जमविण्याचा नाद असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, कोणी पाखरांची पिसे, तर कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे. ह्या नादांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ज्यास काहीच जमवावेसे वाटत नाही त्या मुलापेक्षा निरुपयोगी वस्तू जमविणारा मुलगाही बरा, असे आमचे मत आहे. परंतु तिकिटांस पैसे पडतात, नाण्यांस त्याहून अधिक पडतात, आणि त्यामुळे सधन घरच्या मुलाचा संग्रह गरीब घरच्या मुलाच्या संग्रहाहून मोठा ठरावयाचाच. ज्यात ही विषमता उरत नाही, ज्यास लागणारे भांडवल म्हणजे दोन डोळे, दोन पाय आणि एक टिपणवही एवढेच, अशा एका छंदाची ओळख ह्या लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. तो छंद म्हणजे अश्मीभूत वनस्पतींचा, अर्थात् दगड होऊन राहिलेल्या पानांचा, फळांचा व लाकडांचा संग्रह.

दगडात पान कसे शिरले, हा प्रश्न प्रथम कोणासही पडेल. त्याचे उत्तर घरच्या अंगणातही मिळण्यासारखे आहे. ओल्या सिमेंटवर पिंपळाचे पान पडले आणि सिमेंट वाळले, तर पान कुजून वाऱ्याने उडून जाते. मात्र त्याच्या शिरांचा ठसा मागे राहतो. नदीच्या किंवा तळ्याच्या तळाशी बारीक गाळात पान दडपले गेले, वर आणखी गाळ साचत गेला व लक्षावधि वर्षांनी त्या गाळाचा दगड बनला, म्हणजे असाच ठसा आपणांस सापडतो. कधी पानातील कर्ब उडून न जाता काळ्या पापुद्र्याच्या रूपाने दगडावर चिकटून राहतो. कोळशाच्या खाणीतील पापुद्र्यांच्या दगडावर अशी काळी पाने दिसतात. तिसरा प्रकार सर्वांत नवलाचा. जमिनीतील पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे सिलिका, लाकडाच्या अथवा फळाच्या सूक्ष्म पेशीपेशींत शिरून तेथेच घट्ट होते, आणि वनस्पतीचा बाह्य आकारच नव्हे, तर तिची आतील रचनाही जशीच्या तशी दगडात टिकून राहते. अशा दगडाची पातळ चकती घासून पारदर्शक केली, तर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्यातील पेशींच्या भिंती मोजता येतात. पहिला प्रकार म्हणजे पावलाची खूण, आणि हा तिसरा म्हणजे प्रत्यक्ष पाऊल, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या छंदासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या नागपूर प्रांताइतकी अनुकूल भूमी फार थोड्या ठिकाणी असेल, आणि ती तशी आहे हे जगास दाखवून देणारे लोकही कोणी पगारी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. ते शाळामास्तर होते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले व पुढल्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर. दिवसभर शिकवावे, भाषा शिकाव्या, खेड्यापाड्यांतून हिंडावे, आणि हिंडताना पायांखालच्या दगडांकडे पाहावे, असा त्यांचा क्रम असे. १८५१ च्या सुमारास नागपूरजवळच्या टाकळी येथे ह्या दोघांस काळ्या कातळाच्या मध्ये सापडलेल्या एका पातळ थरात गोड्या पाण्यातील शंख आढळले. अधिक शोध करिता त्या थरात फळे, बिया, लाकडे, माशांची खवले व किड्यांचे पंखही अश्मीभूत होऊन राहिलेले त्यांस मिळाले. कामठी व सिलेवाडा ह्या बाजूच्या वालुकाश्मांत त्यांना जिभेच्या आकाराची मोठमोठी पाने सापडली. त्यांनी आपले निरीक्षण लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेकडे लिहून पाठविले, नमुने पाठविले, आणि १८६१ साली सर चार्ल्स बनबरी ह्यांनी नागपूरच्या पानांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिस्लॉपसाहेबांचा अंत मात्र दुःखद झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांच्या पाहणीहून रात्री घोड्यावरून परतत असता पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. जुनी टाकळी आज नागपूर शहरात मिसळून गेली आहे. परंतु तेथील दगडांची नावे व जागा त्यांच्या लेखांत राहिल्या आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

टाकळीचा दगड आणि कामठीचा दगड ह्यांत काही कोसांचे अंतर आहे, पण काळाच्या दृष्टीने पाहता ते अंतर छाती दडपून टाकणारे आहे. कामठीची पाने सुमारे पंचवीस कोटि वर्षांची. त्या काळी फुले येणारी झाडे पृथ्वीवर नव्हती. ज्या झाडाची ही पाने, त्याचे शास्त्रीय नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रोंन्यार ह्यांनी १८२८ साली दिले. ह्याच झाडांच्या दलदलीतील अरण्यांपासून वर्धा खोऱ्यातील व उमरेडकडील दगडी कोळसा बनला. आपल्या घरी ज्या विजेचा दिवा लागतो, ती वीज पुष्कळदा ह्याच जुन्या पानांच्या जळणावर निर्माण झालेली असते.

टाकळीचा थर ह्याहून फार अलीकडचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटि वर्षांचा. त्या काळी दख्खनच्या भूमीतून तप्त लाव्हारस वाहून पसरत होता. एक थर पसरून थंड झाला, की दुसरा येईपर्यंत कधी कधी पुष्कळ काळ जाई. त्या मधल्या शांततेत कातळावर माती होई, खोलगट भागांत तळी साचत, तळ्यांकाठी झाडे वाढत, पाण्यात मासे खेळत. आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकी. दोन कातळांमधील त्या पातळ थरास शास्त्रज्ञ ‘आंतरस्तर’ म्हणतात. त्याची जाडी कोठे काही इंच, तर कोठे काही हात. तळ्यातील गाळात गार मुरून त्याचा पांढुरका, करडा किंवा काळसर असा अतिशय कठीण दगड बनला. त्यास चर्ट असे नाव आहे. छिंदवाड्याकडील मोहगाव कलां हे गाव अशा चर्टसाठी जगाच्या शास्त्रग्रंथांत प्रसिद्ध आहे. तेथील फळांत निपा नावाच्या माडाचेही फळ मिळाले आहे. हा माड आज सुंदरबनासारख्या खाऱ्या खाड्यांच्या चिखलात वाढतो. बंगाली लोक त्यास गोलपाता म्हणतात व त्याच्या पानांनी घरे शाकारतात. छिंदवाड्याच्या डोंगराळ मुलखात खाडीकाठचा माड! एका फळावरून समुद्राच्या जुन्या किनाऱ्याविषयी विचार करावयास लावणारे हे शास्त्र आहे.

आता शोध कसा करावा ते सांगतो. सर्वांत चांगला काळ म्हणजे पावसाळा संपता संपताचा. पावसाने दगड धुऊन निघालेले असतात, आणि ओढ्यांनी काठ नवे कापलेले असतात. वेळ सकाळची किंवा सायंकाळची घ्यावी. तिरप्या उन्हात ठशाच्या कडांस सावली पडते आणि भर दुपारी न दिसणारी शीर तेव्हा डोळ्यांत भरते. नव्या विहिरीच्या कडेला काढून टाकलेला ढीग, रस्त्यासाठी कापलेली टेकडी, शेताच्या बांधावर रचलेले गोटे, ही आपली शोधाची स्थळे. शेतकरी बांधवांस अवश्य विचारावे. नांगराला लागणारा विचित्र दगड त्यांच्या जितका ध्यानात असतो तितका कोणाच्याच नसतो. काळ्या कातळाच्या उतारावर एकाच उंचीवर पांढुरक्या दगडांची रांग दिसली, तर तेथे आंतरस्तर असण्याचा संभव फार. मात्र ज्याची जमीन त्याची परवानगी घेतल्यावाचून एक खडाही उचलू नये. चालू खाणीत व खदानीच्या तुटक्या कड्याखाली तर मुळीच जाऊ नये, आणि दगड उलटताना बोटे त्याखाली घालू नयेत. विंचवाचे घर तेथेच असते.

साधने थोडीच लागतात: एक मध्यम हातोडा, एक छिन्नी, दहापट मोठे दाखविणारे भिंग, रद्दीचे कागद, थोडा कापूस, पेन्सिल व टिपणवही. चर्ट फोडताना त्याच्या कपच्या काचेप्रमाणे उडतात. म्हणून डोळ्यांस चष्मा लाविल्याशिवाय व घरचे कोणी वडीलधारे माणूस बरोबर असल्याशिवाय हातोडा उचलू नये, हा आमच्या वर्गातील मुलांस घालून दिलेला नियम आहे. पापुद्र्यांचा दगड मात्र फोडावयाचा नसतो, तो उलगडावयाचा असतो. छिन्नी थराच्या रेषेत लावून हलकेच ठोकावे, म्हणजे वहीची पाने उघडावी तसा तो उघडतो. उघडल्यावर दोन्ही अर्धे जपून ठेवावे, कारण एकावर पानाचा उंचवटा असेल तर दुसऱ्यावर त्याची खोबण असते, आणि पुष्कळदा एकावर न दिसणारी खूण दुसऱ्यावर स्पष्ट असते. असा दगड ओला असल्यास उन्हात वाळवू नये. कागदात गुंडाळून सावलीत सावकाश वाळू द्यावा, नाहीतर त्याचे पापुद्रे सुटून पान नाहीसे होते.

सापडलेली वस्तु खरोखर वनस्पतीच आहे काय, हे ठरविणे हा ह्या छंदातील खरा अभ्यास होय. नवशिक्यास फसविण्यात पहिला मान एका खनिजाचा आहे. दगडाच्या फटीत मँगेनीजयुक्त पाणी शिरून त्याची काळी नक्षी उमटते. ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी किंवा शेवाळासारखी दिसते. आपल्या कातळाच्या मुलखात ही नक्षी इतकी सामान्य आहे की, दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी ती घेऊन मोठ्या आनंदाने आमच्याकडे येतात, आणि त्यांचा आनंद मावळलेला पाहून आम्हासही वाईट वाटते. पण खऱ्याखोट्याची पारख अवघड नाही. खऱ्या पानास मधली शीर असते, कडा असते, आणि त्याच्या फांट्यांस काही नियम असतो. ह्या नक्षीस मधली शीर नसते, ती फटीच्या कडेपासून आत पसरत जाते आणि कशीही फुटते. खरे पान थराच्या सपाटीवर आडवे पसरलेले असते. नक्षी कोणत्याही दिशेच्या भेगेत उमटते. भिंगातून पाहावे, दगडाच्या निरनिराळ्या बाजू पाहाव्या, आणि मगच हर्ष करावा. त्याचप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांचा प्रत्येक दगड म्हणजे लाकूड नव्हे, आणि प्रत्येक वाटोळा गोटा म्हणजे फळ नव्हे.

खऱ्या वस्तूंपैकी ज्या चारपाच आपल्या भागात वारंवार मिळतात, त्यांच्या खुणा अशा. ग्लॉसोप्टेरिसचे पान जिभेसारखे लांबट, मध्ये ठळक जाड शीर, आणि तिच्यापासून निघालेल्या बारीक शिरा एकमेकींस मिळून त्यांचे जाळे झालेले. हे जाळे भिंगातून स्पष्ट दिसते, व तीच त्याची मुख्य ओळख. हे झाड हंगामात पाने गाळीत असावे असे शास्त्रज्ञ मानतात, कारण एकाच फळीवर पाच-दहा पाने एकावर एक पडलेली आढळतात. पाने तशीच, पण मधली शीर ठळक नसली, तर ते गँगामोप्टेरिस समजावे. त्याच दगडात पाठीच्या मणक्यांच्या माळेसारखी एक वस्तु मिळते. जुन्या शास्त्रज्ञांनी तिला व्हर्टेब्रारिया असे निराळे नाव दिले होते. ती वस्तु म्हणजे ग्लॉसोप्टेरिसचेच मूळ, हे पुढे कळून आले. पेऱ्यापेऱ्यांचे उभ्या रेघांचे दांडे मिळाले तर ते अश्वपुच्छ जातीच्या वनस्पतींचे.

आंतरस्तरातील लाकडांत ताडमाडाच्या वर्गाचे लाकूड सर्वांत सहज ओळखू येते. त्याची आडवी कापलेली किंवा तुटलेली बाजू पाहावी. तिच्यावर सर्वत्र विखुरलेले ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे रस वाहून नेणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा. शिंदीचे किंवा नारळाचे तोडलेले खोड ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्यास ही खूण शिकविण्याची जरूरच पडत नाही. आंबा, साग इत्यादि झाडांच्या वर्गाचे लाकूड असेल, तर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणांसारख्या रेषा दिसतील. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो की, मेलेल्या झाडांची ओळख पटावयास हवी असेल तर अगोदर जिवंत झाडांची ओळख करून घ्या. लाकूडतोड्याच्या वखारीत घालविलेला एक तास पुस्तकातील दहा पानांइतका फलदायी होतो.

येथवर वाचल्यावर कोणास असे वाटेल की, सुंदर नमुना सापडला व तो ओळखता आला म्हणजे काम संपले. आम्हासही एके काळी तसेच वाटत असे, आणि त्या समजुतीची किंमत आम्ही मोजिली आहे. ती हकीकत सांगण्यास थोडा संकोच वाटतो. तथापि ती ऐकून एखादा विद्यार्थी सावध झाला, तर संकोचाचे सार्थक होईल.

आमच्या विद्यार्थिदशेत एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन गावांच्या शिवारांतून भटकून पिशवीभर चर्टचे तुकडे आणिले. घरी येऊन ते धुतले, तो त्यांतील एका तळहाताएवढ्या तुकड्यात एक फळ आडवे कापले गेलेले दिसले. लहान सुपारीएवढे, पण त्यातील कप्पे व कप्प्यांतील बिया भिंगाशिवायही मोजता याव्या इतक्या स्वच्छ. आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. कापसात ठेवून ते आम्ही ह्या विषयातील एका वृद्ध जाणकारांकडे नेले. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे कोठे सापडले?” आम्ही तिन्ही गावांची नावे सांगितली. “ह्या तिहींपैकी कोणते?” आम्हास सांगता येईना. “थरातून काढले, की सुटे पडलेले उचलले?” तेही आठवेना. “बरोबर दुसरे काय होते?” आम्ही खाली पाहू लागलो. त्यांनी तो तुकडा कापसात पुन्हा नीट गुंडाळून आमच्या हाती दिला व शांतपणे म्हणाले, “दगड फार सुंदर आहे, बाळ. पण आता तो नुसता सुंदरच आहे.”

त्यानंतर ओळीने चार रविवार आम्ही ती तिन्ही शिवारे पालथी घातली. एका गावी विहिरीजवळचा जो ढीग आम्हास अंधुक आठवत होता, तो गिट्टी करून रस्त्यावर पसरला गेला होता. त्या फळाचा जोडीदार आम्हास पुन्हा मिळाला नाही. तो तुकडा आजही आमच्या मेजावर आहे. कागदावर वजन म्हणून तो ठेवितो, आणि रोज त्याच्याकडे पाहून आमची चूक आम्ही आठवितो.

जागेच्या टिपणास एवढे महत्त्व का, ह्याचे एक उदाहरण मोहगाव कलांचेच देतो. तेथील चर्टमध्ये एक फळ मिळाले, त्यास प्रो. बिरबल सहानी ह्यांनी एनिग्मोकार्पॉन, म्हणजे ‘कोड्याचे फळ’, असे नाव दिले व त्याचे सविस्तर वर्णन १९४३ साली प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल ह्यांनी त्याच जागेच्या दगडातील एका नाजूक फुलाचे वर्णन केले व त्यास सहानी ह्यांच्या गौरवार्थ सहानिअँथस असे नाव दिले. फूल निराळे, फळ निराळे, नावे निराळी. परंतु दोन्ही एकाच जागी एकाच दगडात मिळतात, व त्यांची अंतर्रचना जुळते, ह्यावरून ते फूल त्या फळाच्याच झाडाचे असावे असे दाखविता आले. मेंदी व ताम्हण ज्या कुळातील आहेत, त्याच कुळात हे झाड शास्त्रज्ञांनी बसविले आहे. आता कल्पना करा की, फूल सापडणाऱ्याने व फळ सापडणाऱ्याने आमच्यासारखेच पिशवीत सर्व एकत्र कोंबले असते! कोडे तसेच राहिले असते.

ग्लॉसोप्टेरिसची गोष्टही अशीच. त्याची पाने शंभराहून अधिक वर्षे ठाऊक होती, तथापि त्यास बिया येत की नाही, ह्याविषयी निश्चय होत नव्हता. कित्येकांनी तर त्यास नेच्यांतच गणिले होते. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेतील एडना प्लमस्टेड ह्या विदुषीने पानांस प्रत्यक्ष जोडलेल्या फळांसारख्या भागांचे वर्णन केले व वादास निराळे वळण लागले. ते नमुने गोळा करणारा गृहस्थ फेरेनिखिंग गावचा एक हौशी संग्राहक होता. त्याने ते जपले, एका जागेचे एकत्र ठेविले, आणि जाणत्या व्यक्तीच्या हाती दिले; म्हणून ते बोलू शकले.

तेव्हा नमुना उचलण्यापूर्वीच टिपणवही उघडावी, हा नियम. दगडास क्रमांक द्यावा, तोच क्रमांक वहीत लिहावा, आणि त्यापुढे तारीख, गाव, नेमकी जागा, थरातील की सुटा, खालीवर कोणते दगड आहेत, बरोबर काय मिळाले व कोणी उचलला, एवढे लिहावे. ‘अमुक गावाजवळ’ असे लिहू नये. ‘अमुक गावाच्या पूर्वेस, ओढ्याच्या डाव्या काठी, मारुतीच्या देवळापासून दोनशे पावलांवर’ असे लिहावे, म्हणजे दुसऱ्यास तेथे जाता येईल. घरी आल्यावर दगडाच्या मागील बाजूस पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा; चिठ्ठी हरवते, रंग हरवत नाही. नाव लिहिण्याची मात्र घाई करू नये. ‘पान, जाळीदार शिरा, मधली शीर ठळक’ असे प्रामाणिक वर्णन चुकीच्या लॅटिन नावाहून कितीतरी मोलाचे. पुढे एखादा नमुना विशेष वाटल्यास तो आपल्या जवळच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावा. लखनौ येथे ह्याच विषयास वाहिलेली संस्था आहे. तिची कोनशिला १९४९ च्या एप्रिलच्या ३ तारखेस पंडित नेहरूंनी बसविली. ती कोनशिलाच निरनिराळे जीवाश्म बसवून तयार केलेली आहे. संस्थेचे संस्थापक प्रो. सहानी त्यानंतर एका आठवड्यातच निवर्तले. संस्थेचे काम मात्र आजही चालू आहे व तिला त्यांचेच नाव आहे.

आणखी एक कर्तव्य सांगणे अवश्य आहे. संग्रह करणे म्हणजे लूट करणे नव्हे. मध्यप्रदेशातील घुघवा येथे अश्मीभूत झाडांचे राष्ट्रीय उद्यान १९८३ साली झाले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधम येथेही असे रक्षित स्थान आहे. अशा जागी डोळे भरून पाहावे, चित्र काढावे, आणि हात मागे बांधून परत यावे. इतरत्रही सबंध खोड जमिनीत उभे अथवा आडवे आढळले, तर त्यास हातोडा न लाविता जाणत्यांस कळवावे. एका मुलाच्या कपाटात गेलेला तुकडा एकाचा होतो. जागेवर राहिलेले खोड सर्वांचे असते.

शेवटी एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करितो. १९१२ साली कॅप्टन स्कॉट व त्यांचे चार सोबती दक्षिण ध्रुवावरून परत येत होते. अन्न संपत आले होते, अंगात त्राण उरले नव्हते. अशा स्थितीत बिअर्डमोर हिमनदीच्या काठच्या कड्याशी ते थांबले, आणि डॉ. विल्सन ह्यांनी तेथील दगडांतून पानांचे ठसे निवडून काढिले व आपल्या रोजनिशीत त्या जागेचे टिपण केले. वाटेत दोघे गेले. उरलेले तिघे आपल्या तंबूत मरण पावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शोधास गेलेल्या मंडळीस त्यांची प्रेते सापडली. आणि त्यांच्या सामानात सुमारे पस्तीस पौंड वजनाचे दगडही सापडले. प्रत्येक शेर जिवावर भार होत असता त्यांनी ते टाकिले नव्हते. त्या दगडांतील पाने ग्लॉसोप्टेरिसची निघाली. जी पाने कामठीच्या वालुकाश्मात, तीच बर्फाने झाकलेल्या त्या निर्जन खंडात! हिंदुस्थान, आफ्रिका व दक्षिण अमेरिका ह्यांत सारखीच पाने मिळतात हे पाहून झ्यूस ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ह्या भूमी पूर्वी जोडलेल्या असाव्या असे प्रतिपादिले होते व त्या प्राचीन खंडास आपल्या गोंडवनावरून गोंडवानालँड असे नाव दिले होते. दक्षिण ध्रुवाकडील ती भूमीही त्याच खंडाचा भाग होती, ह्यास स्कॉटच्या दगडांनी साक्ष दिली.

आपल्यापैकी कोणासही असा प्राणसंकटाचा प्रसंग येऊ नये अशीच आमची इच्छा आहे. आपणांस पस्तीस पौंड ओढावयाचे नाहीत. चार ओळी लिहावयाच्या आहेत. आणि पालकांस आमची एकच विनंती आहे. आपला मुलगा अथवा मुलगी पिशवीभर दगड घेऊन घरी आली, तर ते परसात फेकून देण्यापूर्वी तिला विचारावे, “हे कोठे सापडले?” तिने वही उघडून उत्तर दिले, तर त्या दगडांस फळीवर थोडी जागा करून द्यावी.